किरणोत्सवाचा देखावा: पांढरा प्रकाश शेवटाकडे तांबडा का पडला

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या गणपतीपुढे किरणोत्सवाचा देखावा करायचा ठरला. परगावच्या वाचकांसाठी थोडक्यात: अंबाबाईच्या मंदिरात ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख अशी त्यांची चढती वाट. खऱ्या सोहळ्यात कधी ढग आडवे येतात, कधी धुरकट हवा. देखाव्यात तसं चालत नाही. निवेदनाची ध्वनिफीत तीन मिनिटांची, तेवढ्यात उजेड महाद्वारापासून मुखापर्यंत गेलाच पाहिजे.

काम हाती घेतलं ते अकरावी-बारावीच्या चार मुलांनी आणि डिप्लोमा करणाऱ्या एका दादाने. आर्डुइनोवर (कोड भरून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डावर) एक एलईडी लुकलुकवणं आणि बटण वाचणं, एवढीच त्यांची पूर्वतयारी. पट्टी आणली डब्ल्यूएस२८१२बी जातीची: पाच व्होल्ट, मीटरला ६० एलईडी, ५ मीटरचं एक रीळ, म्हणजे ३०० एलईडी. साध्या पट्टीत सगळे दिवे एकदम एकाच रंगाचे होतात. या पट्टीत प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप असते. पहिली चिप आपल्या वाट्याचे २४ बिट काढून घेते आणि उरलेला माल पुढच्या चिपकडे सरकवते. त्यामुळे ‘पन्नासावा नारिंगी, बाकी बंद’ असं एका वायरवरून सांगता येतं.

मांडणी अशी होती. जमिनीवर महाद्वारापासून चौथऱ्यापर्यंत ३.६ मीटर, म्हणजे २१६ एलईडी. तिथून मूर्तीच्या मागे सरळ वर १ मीटर, म्हणजे ६०. एकूण २७६. उरलेला २४ एलईडींचा तुकडा कापून डब्यात ठेवला. हा तुकडा फेकायचा नाही, पुढे त्याचं काम पडतं. मोजणी शून्यापासून करून टप्पे वहीत लिहिले होते: महाद्वार ०, गरुड मंडप ४८, कासव चौक १२०, पितळी उंबरा १६८, चांदीचा उंबरा २००, चरण २१६, छाती २५०, मुख २६८. एका वेळी २४ एलईडींचा नारिंगी पट्टा पुढे सरकतो, प्रत्येक टप्प्यावर क्षणभर थांबतो. निवेदन संपलं की आरतीसाठी सगळी पट्टी पांढरी.

यातली शेवटची ओळ, ‘सगळी पट्टी पांढरी’, हीच पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ.

सुरुवातीच्या तीन ठेचा

पहिली चाचणी लॅपटॉपच्या यूएसबीवर झाली. पट्टीची प्लस थेट नॅनो बोर्डाच्या (आर्डुइनोचाच छोटा प्रकार) पाच व्होल्टच्या पिनेला. दहा एलईडी लावले तेव्हा सगळं छान. तीनशे एलईडी पांढरे करायला सांगितले आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हिशेब साधा आहे. एका एलईडीत तीन रंग, प्रत्येकी साधारण २० मिलीअँपियर, पूर्ण पांढऱ्याला ६०. तीनशेचे झाले १८ अँपियर. साध्या यूएसबी पोर्टकडून ०.५ अँपियरची अपेक्षा ठेवायची. नव्या बनावटीचे एलईडी प्रत्यक्षात बरेच कमी ओढतात, पण हिशेब ६० धरूनच करावा. नॅनोवर यूएसबीच्या वाटेत एक छोटा डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तो असल्या प्रयोगात जळतो आणि मग बोर्ड यूएसबीवर चालतच नाही. इथे वाचला, हे नशीब. आणखी एक: रीळ गुंडाळलेलं असताना पूर्ण पांढरं लावून ठेवू नये, आतले वेढे चांगलेच तापतात.

मग पाच व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे पाच व्होल्ट करून देणारा वीजपुरवठा) आला, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला, साइनबोर्डवाले वापरतात तो. पट्टीला वीज एसएमपीएसची, नॅनोला लॅपटॉपची, मधे फक्त डेटाची एक वायर. परिणाम: कुठेही कसलेही रंग, हात जवळ नेला की आणखी वेगळे. डेटा म्हणजे ‘पाच व्होल्ट’ की ‘शून्य व्होल्ट’ एवढाच निरोप असतो, पण शून्य कुठून मोजायचं हे दोन्ही बाजूंना एकच हवं. नॅनोची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची पिन, पट्टीच्या मायनसला जोडली आणि गोंधळ तिथेच थांबला. नवशिक्यांच्या कामात सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी वायर हीच.

तिसरी ठेच पहिल्या एलईडीला लागली. एसएमपीएस बंद, नॅनो लॅपटॉपवर चालू, डेटा जोडलेला. अशा वेळी डेटा पिनेतून येणारी वीज पहिल्या चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून प्लसच्या पट्ट्यात शिरते आणि सगळी पट्टी त्या एका पिनेवर जगू पाहते. एलईडी मंद पेटल्यासारखे दिसतात, मुलांना गंमत वाटते आणि पहिली चिप जाते. तसंच झालं. तो एलईडी कापला, डब्यातल्या तुकड्यातला एक जागेवर जोडला. डब्यात उरले २३. यानंतर डेटाच्या वाटेत, पट्टीच्या तोंडाशी, ४७० ओहमचा रेझिस्टर आला. पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटरही बसवला. त्याचा लांब पाय प्लसला. उलटा लावला तर फुगतो, फुटतो. क्रमही ठरला: आधी एसएमपीएस, मग लॅपटॉप, बंद करताना आधी लॅपटॉप.

लाल सांगितल्यावर हिरवा येत होता, त्याचं कारण किरकोळ. या चिपना हिरवा-लाल-निळा असा क्रम लागतो. लायब्ररीत (पट्टीला निरोप पाठवणाऱ्या तयार कोडमध्ये) तो क्रम निवडला की झालं.

मुख्य दुखणं

आता नारिंगी पट्टा महाद्वारापासून मुखापर्यंत सुरेख सरकू लागला. दोन संध्याकाळी सराव झाला, काहीच चुकलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी पहिल्यांदा आरतीचा पांढरा लावला. महाद्वाराशी पांढरा, कासव चौकाशी पिवळट, उंबऱ्यापाशी नारिंगी आणि मूर्तीच्या मागे चक्क तांबडा.

मुलांनी धरलं कोडला, आणि ते स्वाभाविकही होतं. रंग चुकलाय म्हणजे रंगाचे आकडे चुकले असणार. शेवटच्या शंभर एलईडींसाठी निळा वाढवून पाहिला. तो आधीच २५५ होता, वाढणार कुठे? मग सुरुवातीचा निळा कमी केला, तेव्हा सगळंच मळकट झालं. लायब्ररी बदलली. पट्टीच खराब आहे, बदलून आणू, इथपर्यंत गोष्ट गेली. सारी संध्याकाळ यात गेली. शेवटी मंडपाची लाइट बघणारे मामा आले आणि वाकून वायरीकडे बघत म्हणाले, “पोरांनो, कोडला काय धरून बसलाय? वायर किती बारीक घातलीय बघा की.”

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवला आणि पूर्ण पांढरा चालू असतानाच तीन ठिकाणी मोजलं. एसएमपीएसच्या स्क्रूवर ५.० व्होल्ट. पट्टीच्या सुरुवातीला ४.०. शेवटच्या एलईडीच्या पॅडवर २.७.

एक व्होल्ट पट्टीपर्यंत पोचायच्या आतच गेला होता. एसएमपीएस मंडपाच्या कडेला, पट्टीपासून ३ मीटरवर. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, माइकच्या कामातली उरलेली. तिचा रोध मीटरला साधारण ०.०३६ ओहम. जाणं-येणं मिळून ६ मीटर, म्हणजे ०.२२ ओहम. साडेचार अँपियर वाहिले की ०.२२ गुणिले ४.५, बरोबर एक व्होल्ट. पुढचा १.३ व्होल्ट पट्टीच्या आतल्या तांब्यात. तो पातळ पत्रा, त्याच्याकडून ४.६ मीटर वीज वाहून नेण्याची अपेक्षाच चुकीची.

पण मग उजेड नुसता मंद का झाला नाही, तांबडा का झाला? एलईडीच्या लाल भागाला पेटायला सुमारे २ व्होल्ट पुरतात. हिरव्या आणि निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज खाली येऊ लागलं की आधी निळा दमतो, मग हिरवा, आणि शेवटी एकटा लाल टिकून राहतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळट, त्यातून हिरवाही घटला की नारिंगी, मग तांबडा. म्हणजे मंडपात महाद्वारापासून मूर्तीपर्यंत जे दिसत होतं तो व्होल्टेजचा आलेखच होता, रंगात काढलेला.

सरावात हे का कळलं नाही, तेही पाहण्यासारखं आहे. नारिंगीचा आकडा होता लाल २५५, हिरवा १००, निळा ०, आणि एकूण प्रखरता ३५ टक्के. असा एक एलईडी जेमतेम १० मिलीअँपियर घेतो. एका वेळी पेटलेले २४, म्हणजे पाव अँपियर. बंद दिसणाऱ्या चिपसुद्धा प्रत्येकी मिलीअँपियरभर खातात, त्याचा आणखी पाव. अर्ध्या अँपियरला ती बारीक वायरही पुरून उरली. त्यातून रंग मावळतीचा. निळा त्यात नव्हताच, तर तो कमी पडल्याचं दिसणार कसं? म्हणून अशा पट्टीची परीक्षा नेहमी पूर्ण लांबी, पांढरा रंग, ठरवलेली कमाल प्रखरता अशी घ्यावी, आणि ती मंडपात नेण्याआधी घ्यावी.

दुरुस्ती

सगळ्यात आधी प्रखरता. लायब्ररीत १०२ लिहिली, २५५ पैकी म्हणजे ४० टक्के. २७६ गुणिले ६० मिलीअँपियर गुणिले ०.४, झाले ६.६ अँपियर. दहा अँपियरचा एसएमपीएस दोन-तृतीयांशावर चालतो, रात्रभर तापत नाही. डोळ्याला ४० टक्के आणि १०० टक्के यातला फरक आकड्यांएवढा वाटत नाही. बंद मंडपात तर ४० टक्केही झगझगीत होतात.

दुसरं, एसएमपीएसची जागा. तो मंडपाच्या कडेवरून उचलून चौथऱ्याखाली, वाऱ्याला जागा असलेल्या लाकडी खोक्यात ठेवला. तिथून पट्टीला चार ठिकाणी वीज दिली: ० वर, १०८ वर, २१६ वर आणि शेवटी २७६ वर. मधल्या ठिकाणी फक्त प्लस आणि मायनस जोडायचे. डेटाला हात लावायचा नाही, तो आपल्या वाटेने जातोच. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, लाल आणि काळी.

कुठल्या टॅपवर, म्हणजे वीज जोडलेल्या ठिकाणी, किती भार येतो हे कागदावर काढून बघावं, अंदाज बहुतेक वेळा चुकतो. प्रत्येक एलईडी जवळच्या टॅपकडून वीज घेतो असं धरलं तर ० वर ५४ एलईडी, १०८ वर दोन्ही बाजूंचे मिळून १०८, २१६ वर ८४, आणि २७६ वर ३०. एलईडीमागे २४ मिलीअँपियर धरले तर अनुक्रमे १.३, २.६, २.० आणि ०.७ अँपियर. सगळ्यात जास्त मधल्या १०८ वर. मुलं सुरुवातीलाच जाड वायर आणि मधे बारीक घालायला निघाली होती! ० ला जाणारी वायर ३.६ मीटर, १०८ ला जाणारी १.८. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला ०.०१२ ओहम धरून दोन्हीकडची घट सारखीच येते, साधारण ०.११ व्होल्ट.

चारही प्लस वायरींवर, एसएमपीएसच्या बाजूला, ५ अँपियरचा काचेचा फ्यूज घातला. हा खर्च वायफळ नाही. पट्टीत शॉर्ट झाला तर दहा अँपियरचा एसएमपीएस कदाचित स्वतःला बंद करेल. पण घाईत कुणी साइनबोर्डवाल्याकडून ४० अँपियरचा आणला, तर त्याच्या दृष्टीने १५ अँपियर म्हणजे नेहमीचाच भार. तो निवांत देत राहतो आणि वायर जळते. शॉर्ट व्हायला गणपतीच्या मंडपात कारणंही भरपूर: चंदेरी कागद, जर, झिरमिळ्या. पट्टीची कापलेली टोकं आणि सोल्डरचे सांधे उघडे ठेवून खाली चंदेरी कागद अंथरणं म्हणजे शॉर्टला आवतण.

एसएमपीएसवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो. तो पिळून ‘थोडं वाढवून देऊ’ हा उपाय फार जण सुचवतात. शेवटाला ते पुरत नाही आणि सुरुवातीच्या चिपना सोसत नाही; ५.३ व्होल्ट ही त्यांची वरची हद्द आहे. स्क्रू ५.० वर होता, तिथेच राहिला.

सोल्डरिंगला जास्त वेळ गेला, जाणारच. पॅड आणि वायर दोन्हींवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवायचं, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंद गरम करायचं. पाच-सहा सेकंद सोल्डरिंग आयर्न टेकवला की पॅड पट्टीवरून उचलून येतो. जाड वायर पॅडवर थेट लावली तर तिच्या ओढीनेच पॅड उपटतो. म्हणून पॅडला दोन इंचांची पातळ वायर, तिला पुढे जाड वायर, आणि सांध्यावर ग्लूगनचा थेंब. चौथऱ्याशी पट्टी काटकोनात वर वळते. तिथे दुमडायची नाही. २१६ नंतर कापली, तीन छोट्या वायरींनी जोडली, आणि टॅपही तिथेच निघाला. जोडताना पट्टीवरचे बाण एकाच दिशेला आहेत ना, हे दोनदा बघावं.

पुन्हा पूर्ण पांढरा, पुन्हा मीटर. सगळ्यात कमी व्होल्टेज ० आणि १०८ च्या मधोमध, ५४ व्या एलईडीशी: ४.७. महाद्वारापासून मुखापर्यंत एकच पांढरा.

कोडची खरी चूक

गंमत अशी, की कोडमध्ये एक चूक होतीच, फक्त रंगाची नव्हती. निवेदन तीन मिनिटांत संपायचं आणि किरण चांदीच्या उंबऱ्यापाशीच असायचा. सुमारे तीस सेकंद मागे.

एका एलईडीचा निरोप ३० मायक्रोसेकंदांचा. २७६ चे ८.३ मिलीसेकंद. एवढा वेळ लायब्ररी नॅनोचे इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारे इशारे) बंद ठेवते, कारण मधे खंड पडला तर चिपना वाटतं निरोप संपला. पण वेळ मोजणारं ‘मिलिस’ इंटरप्टवरच चालतं. दर मिलीसेकंदाला वाजणारी घंटा आठ वेळा वाजते, नोंद होते एकदाच. प्रत्येक वेळी सात मिलीसेकंद हरवतात. कोडमध्ये दर ४० मिलीसेकंदांनी पट्टी ताजी होत होती. बोर्डाच्या घड्याळात ४०, आपल्या घड्याळात ४७. तीन मिनिटांवर हा फरक साडेएकतीस सेकंदांचा होतो. पट्टीला निरोप पाठवला की हिशेबात दर वेळी ७ मिलीसेकंद मिळवायचे, एवढीच एक ओळ वाढवली. उरलेला फरक सेकंदाच्या आसपास, निवेदनात तो कळतही नाही. हाच कारभार इन्फ्रारेड रिमोटला त्या बोर्डावर चालू देत नाही, म्हणून रिमोटचा हट्ट सोडून साधं बटण ठेवलं.

बटणाची वायर चार मीटर आणि ती वीजेच्या वायरीला खेटून. कुणी न दाबताच देखावा सुरू व्हायचा. बटणाच्या दोन टोकांत, नॅनोजवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि कोडमध्ये ५० मिलीसेकंदांची खातरजमा. पुढे तक्रार नाही. नॅनो मात्र पट्टीच्या तोंडाशी, एका वितीवर ठेवला. बटणाची वायर लांब चालते, डेटाची नको. नॅनोऐवजी ३.३ व्होल्टचा ईएसपी बोर्ड असता तर आणखी एक अडचण आली असती. या चिपना ‘हो’ कळायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. तिथे मधे ७४एएचसीटी१२५ ही निरोप पाच व्होल्टपर्यंत चढवणारी आयसी घालावी.

मेमरीचा इशाराही इथेच. दर एलईडीला ३ बाइट, म्हणजे ८२८. नॅनोत एकूण २०४८. लायब्ररी ही जागा चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल करताना दिसणारा आकडा फसवा असतो.

मंडपातले दहा दिवस

भाद्रपदातला कोल्हापूरचा पाऊस धरून जमिनीवरची पट्टी सिलिकॉन चढवलेली घेतली होती. कापलेल्या टोकांना पुन्हा सिलिकॉन लावलं. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या स्क्रूवर झाकण, अर्थिंगची वायर खरोखर अर्थला, आणि त्या फाट्यावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). हे काम मुलांकडे दिलं नाही, मामांनी केलं. ते तसंच असावं. एलईडींचे ठिपके दिसू नयेत म्हणून वर दुधी अॅक्रिलिक. दोन एलईडींत सुमारे १७ मिलिमीटर अंतर असतं, अॅक्रिलिक त्याहून थोडं जास्त, २५ मिलिमीटर उंचीवर धरलं की पट्टा अखंड दिसतो. पट्टीला चिकटून ठेवलं की ठिपके तसेच.

सहाव्या दिवशी आरतीच्या अर्धा तास आधी १३१ पासून पुढे अंधार. वीज होती, मीटर ४.८ दाखवत होता. म्हणजे निरोप तुटला होता. अशा वेळी गुन्हेगार दोनांपैकी एक: शेवटचा पेटणारा, जो पुढे सरकवत नाही, किंवा पहिला न पेटणारा, जो ऐकत नाही. कोण ते शोधत बसायला वेळ नव्हता. १३० आणि १३१ दोन्ही कापले, डब्यातल्या तुकड्यातले दोन तिथे बसवले, बाण तपासले, सांध्यांवर ग्लू टाकला. आरती वेळेत झाली. डब्यात उरले २१.